तांदळातलं बाळ

माझी मामाय देवाशी कधी भांडली नाही. देवबापाशी ती अदबीने बोलायची, पवित्र मरियेशी माहेरच्या बाईशी बोलावं तशी हळू आवाजात बोलायची, आणि सगळा राग काढायची तो संत अंतोनीवर. त्याला ती आंतोन म्हणायची, अरे-तुरे करायची आणि दारावर आलेल्या भाजीवाल्याशी घालावी तशी रोज सकाळी त्याच्याशी हुज्जत घालायची. "आंतोना, कान हायत का तुला? कालपास्नं सांगते मी." आमच्या अष्टमीच्या घरात सकाळी पहिला आवाज यायचा तो हाच. मामाय म्हणजे माझी आजी, पप्पांची आई.

तिचं माहेर रेवदंड्याकडचं. आजोबा एसटीत मेकॅनिक, बदली होऊन रोह्याला आले आणि नदीपलीकडे अष्टमीत घर करून राहिले. आमच्या धर्माची घरं तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी. पेणहून फादर रविवारी संध्याकाळी यायचे आणि एका शाळेच्या वर्गात मिस्सा व्हायची. मामाय सगळ्यांच्या आधी जाऊन वर्ग झाडायची, मास्तरांच्या टेबलावर घरची पांढरी चादर अंथरायची, दोन मेणबत्त्या लावायची. फळ्यावर अर्धवट राहिलेलं गणित असायचं. ते पुसू का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो. पोरांचा अभ्यास हाय, देवाला काय त्याची अडचण?" त्यामुळे कितीतरी रविवार आम्ही लसावि-मसाविच्या पुढ्यात गुडघे टेकले.

अंतोनीची मूर्ती तिने लग्नात माहेराहून आणलेली. लाकडाची, हातभर उंच. एका हातात लिलीचं फूल, दुसऱ्या हातावर उघडं पुस्तक आणि पुस्तकावर बसलेला अंगठ्याएवढा बाळ येशू. बाळाच्या बुडाला भोक होतं आणि पुस्तकावर खिळा, म्हणजे बाळ काढता-घालता यायचं. अंतोनी हा हरवलेल्या वस्तूंचा संत. काही हरवलं की त्याला सांगायचं, तो शोधून देतो. आणि टंगळमंगळ केलीच तर त्याच्या हातातलं बाळ काढून लपवायचं. आपली वस्तू मिळेपर्यंत त्याला त्याचं बाळ द्यायचं नाही. हे मामायला तिच्या आईने शिकवलं होतं, आईला तिच्या आईने. फादर लोकांना हे फारसं आवडायचं नाही, पण ते पेणला राहायचे आणि अंतोनी आमच्या घरात राहायचा.

मामायच्या चष्म्यासाठी, कानातल्यासाठी, आजोबांच्या पगाराच्या पाकिटासाठी त्या बिचाऱ्याचं बाळ किती वेळा गेलं असेल, देव जाणे. लपवायची जागा ठरलेली होती, तांदळाचा पत्र्याचा डबा. तिथेच का, तर म्हणाली, "लेकराला लपवायचा, उपाशी नाय ठेवायचा." वस्तू सापडली की बाळ डब्यातून निघायचं, पदराने पुसलं जायचं, खिळ्यावर बसायचं, आणि अंतोनीला बजावलं जायचं की पुढच्या वेळी पहिल्या हाकेला ऐक. शेजारच्या बायकाही यायच्या. कुणाची म्हैस रानात गेलेली, कुणाचं मंगळसूत्र शेतात पडलेलं. त्या उदबत्ती लावून अंतोनीला नमस्कार करायच्या आणि मामायला म्हणायच्या, "म्हातारे, काढ गो त्याचा पोर." म्हैस एकदा खरंच दुसऱ्या सकाळी परत आली. ती आपणहून आली असेल, पण हे मामायला सांगायची कुणाची छाती होती?

मग फिलूकाका गेला.

फिलिप, पप्पांचा धाकटा भाऊ. मी तेव्हा शाळेत नुकतीच जायला लागले होते. उंच, हसरा, मला सायकलच्या दांडीवर बसवून पुलावरून फिरवणारा. कंपनीत नुकताच लागला होता. एके दिवशी डबा घेऊन पहिल्या शिफ्टला निघाला आणि परत आला नाही. कंपनीत चौकशी केली तर तिथे तो पोचलाच नव्हता. दोन दिवसांनी त्याची सायकल मिळाली, कोलाडच्या रेल्वे स्टेशनवर. भिंतीला टेकवून नीट उभी, मागच्या चाकाला कुलूप. जेवणाचा डबा नव्हता, कुलपाची चावी नव्हती. कुणाशी भांडण नाही, कुठली पोरगी नाही, चिठ्ठीचपाटी काही नाही. तो मुंबईला गेला, गोव्याला गेला की आणखी कुठे, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

पप्पा ते कुलूप तोडायला निघाले होते. मामायने तोडू दिलं नाही. म्हणाली, ज्याला परत यायचं नसतं तो सायकलीला कुलूप लावून चावी खिशात टाकत नाही. तिची बुद्धी अशी सरळ चालायची, आणि त्या वेळी आम्हा सगळ्यांना ते पटलंही. मागचं चाक उचलून धरत पप्पांनी आणि त्यांच्या मित्राने ती सायकल टेम्पोत चढवली, घरी आणली आणि पडवीत उभी केली. त्याच दिवशी मामायने अंतोनीच्या हातातलं बाळ काढून तांदळात पुरलं. काढताना काय बोलली ते मला आठवतं, कारण मी तिच्या पदराला धरून उभी होते. "माझा दे, तुझा घे," एवढंच. त्या दिवशी ती ओरडली नाही, आणि मला तिची पहिल्यांदा भीती वाटली.

पुढची वर्षं कशी गेली हे सांगताना मला आजही चीड येते. फिलूकाकाची येते, अंतोनीची येते, आणि कधी कधी, देवा क्षमा कर, मामायचीही येते. वाट बघायची म्हणजे किती बघायची? माणगावच्या बाजूला तिकीट नसलेला पोरगा पकडला, पनवेलला कुणी वेडसर हिंडतोय, असं काही कानावर आलं की ही पप्पांना हाकलायची. पप्पा शिफ्ट करून आलेले असायचे, डोळे तारवटलेले, तरी जायचे. एकदा खाडीच्या काठी बेवारस प्रेत सापडलं म्हणून पोलिसांचा निरोप आला. पप्पा म्हणाले, तू नको येऊस. ती म्हणाली, आई ओळखेल तसं कोण ओळखणार, आणि चपला घालून पुढे झाली. परत आली तेव्हा तोंडात पाण्याचा थेंब घेतला नाही. तो फिलू नव्हता. पण कुणाचा तरी होता म्हणून तिने त्याच्यासाठी तीन दिवस रोझरी म्हटली, आणि वर अंतोनीला शिव्या दिल्या, की एवढ्या लांब नेलंस ते दुसऱ्याच्या पोरासाठी.

नोव्हेंबरात सर्व मृतांचा दिवस येतो. त्या दिवशी आम्ही कबरी धुतो, फुलं घालतो, घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसासाठी एकेक मेणबत्ती लावतो. एका वर्षी आजोबांच्या कबरीपाशी पप्पांनी एक मेणबत्ती जास्त लावली. मामायने ती चिमटीत धरून विझवली. बोटं भाजली असणार, पण तिने हात झटकलासुद्धा नाही. म्हणाली, "पास्कू, तो मेलाय असा तुला कोणी सांगितला?" पप्पा म्हणाले, "मामाय, जिवंत असता तर एक फोन केला असता गो त्याने." चार माणसांसमोर मायलेक एकमेकांकडे बघत उभे राहिले. तेव्हापासून आमच्या घरात दोन पक्ष झाले. पप्पा म्हणायचे की फिलू गेला, त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगू आणि मोकळे होऊ. मामाय म्हणायची की मोकळं व्हायचं असेल त्याने व्हावं. आणि आम्ही मधले, दोघांच्या ताटात भात वाढणारे.

त्या भाताचं सांगते. मामाय तांदूळ दुसऱ्या कुणाला काढू द्यायची नाही. डब्यात पेला घालायच्या आधी तिचा हात जायचा, चाचपायचा, बाळ आहे ना ते बघायचा. मग ते एका बाजूला सारून ती तांदूळ काढायची. रोज, दोन्ही वेळा. मम्मी बिचारी सून म्हणून या घरात आली आणि केस पांढरे झाले तरी स्वतःच्या स्वयंपाकघरात तिला तांदळाच्या डब्याला हात लावता आला नाही. पण तिने कधी तक्रार केली नाही. एकदा मला म्हणाली, तिला दिवसातनं दोनदा कुणाला तरी कुशीत घेता येतं, घेऊ दे.

मग पप्पांकडून ती चूक झाली. मी तेव्हा पेणला कॉलेजात जात होते. जूनमध्ये अंतोनीचा सण असतो. त्या वर्षी पप्पांच्या मनात आलं की मूर्तीचा रंग पार उडालाय, सणाच्या आधी नवा करून आणावा, म्हातारीला बरं वाटेल. रंग लावायचा तर पेणइतकं चांगलं ठिकाण कुठलं? गणपतीच्या एका कारखान्यात त्यांनी मूर्ती नेऊन दिली. कारखानदार आप्पा वयस्क, साऱ्या पेणमध्ये डोळ्यांच्या आखणीसाठी नावाजलेले. ऐन हंगामाची धावपळ चाललेली, तरी त्यांनी अंतोनी ठेवून घेतला. पप्पांनी फक्त रंगाचं सांगितलं होतं. आप्पांनी मूर्ती हातात घेतली, पुस्तकावरचा उघडा खिळा बघितला आणि ओळखलं की इथे काहीतरी होतं, ते पडलंय. आता पेणचा कारखानदार खंडित मूर्ती आपल्या दारातून बाहेर जाऊ देईल का? त्यांनी कुठल्याशा कॅलेंडरवर चित्र शोधलं आणि शाडूचं बाळ बनवून त्या खिळ्यावर पक्कं बसवलं. गुटगुटीत, कुरळ्या केसांचं, आणि डोळे असे आखलेले की बघतच राहावं.

पप्पांनी ते बघितलं आणि त्यांना आनंद झाला, हेच तर दुर्दैव. त्यांना वाटलं, देवानेच वाट काढली. कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही, अंतोनीला बाळ मिळालं आणि हा खेळ आपोआप संपला. सणाच्या आदल्या दिवशी त्यांनी मूर्ती आणून जागेवर ठेवली आणि मामायला हाक मारली. ती ओल्या हातांनी आली. तिने बघितलं आणि तिथेच जमिनीवर बसली. मला वाटलं, चक्कर आली. तिने पप्पांकडे मान वर करून बघितलं आणि अगदी लहान आवाजात म्हणाली, "त्याचा पोर त्याला मिळाला. आता तो माझा कशाला शोधील रे?"

पप्पांचा चेहरा मला आजही दिसतो. ते बाळ काढायला पुढे झाले तर मामायने त्यांचा हात धरला. पक्कं बसवलेलं, ओढलं तर मोडणार, आणि बाळ येशूला मोडायचं म्हणजे? कुणाच्याही हातचं असो, लेकरू होतं ते. सणाच्या दिवशी ती मिस्सेला गेली नाही. तिच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. दोन दिवस जेवली नाही, अंतोनीशी एक शब्द बोलली नाही, आणि सकाळी घरात जी शांतता असायची तिने आम्हाला जाग यायची. तिसऱ्या दिवशी मूर्ती टॉवेलात गुंडाळून ती माझ्याबरोबर पेणच्या एसटीत बसली. नागोठणं गेलं, गडब गेलं, तिने खिडकीतून बाहेर बघितलं नाही.

कारखान्यात सगळीकडे पांढरे, रंग न लावलेले गणपती. त्यांच्या रांगांमधून वाट काढत मामाय आप्पांसमोर उभी राहिली. मला वाटलं, आता तमाशा होणार. पण तिने सगळं सरळ सांगितलं. पोरगा कसा गेला, कुलूप कसं होतं, बाळ कुठे ठेवलंय ते सगळं. "दादा, तुम्ही केला तो प्रेमानं केला. पण माझी अडवणूक सुटली हो. काढा तो." आप्पांनी हातातला ब्रश पाण्यात ठेवला. त्यांना हसू येईल, ते समजूत घालतील, असं वाटत होतं. त्यांनी फक्त विचारलं, "आये, किती वर्षं झाली?" तिने सांगितलं. मग ते खाली बसले, बारीक तार घेतली आणि कितीतरी वेळ खपून ते बाळ अख्खं, कुठे टवका न उडू देता, सोडवलं. मूर्ती आम्हाला दिली. बाळ त्यांनी आत एका फळीवर ठेवलं आणि म्हणाले, "हा माझ्याकडं ऱ्हाऊ दे. तुमचा पोरगा आला की मला कळवा, तवर मी कुणाला देत नाय." येताना एसटीत मामायने माझ्याकडून वडापाव मागून घेतला आणि सगळा खाल्ला. मी आता पेणलाच राहते. आप्पा बाजारात दिसले की अजून विचारतात, आला का म्हणून.

पण त्या प्रसंगानंतर ती खचली, हे खरं. अंतोनी एकदा हातातून सुटू शकतो हे तिला कळलं होतं. भांडण कमी होत गेलं. ज्या संताला तिने जन्मभर दमात घेतलं, त्याच्यासमोर ती हात जोडायला लागली, आणि ते मला बघवत नसे. शेवटच्या वर्षी तिला चालता येईना. खाट आम्ही मूर्तीसमोरच लावली होती, आणि तांदूळ तिनेच काढावेत म्हणून पप्पा दोन्ही वेळा डबा खाटेपाशी आणायचे. एका दुपारी मी तिच्या पायांना तेल लावत होते. ती अंतोनीकडे बघत म्हणाली, "आंतोना, मी दमले रे. जिवंत नसला तर मेलेला दे. हाड दे. पण काय तरी दे माझ्या हातात." ज्या बाईने जळती मेणबत्ती बोटांनी विझवली होती तीच हे बोलत होती. मला रडू आवरेना. मी म्हटलं, मामाय, बाळ देऊन टाकू का गो त्याला, सुटशील तू. तिने माझं मनगट असं धरलं की तेवढा जोर त्या हातात उरलाय हे मला खरं वाटेना. "ते नको," ती म्हणाली. "ते दिला की संपला."

दोन महिन्यांनी ती गेली. जायच्या आधी फादरांनी तैलाभ्यंग दिला, ख्रिस्तप्रसाद दिला, सगळं रीतीप्रमाणे झालं. तिची जपमाळ हातात गुंडाळून तिला पेटीत ठेवलं. घर माणसांनी भरलेलं, अष्टमीचं, रोह्याचं कोण आलं नव्हतं असं नाही. म्हशीवाली बाई पडवीत त्या कुलूपबंद सायकलीपाशी बसून रडत होती. फादर तरुण होते, मायाळू होते, त्यांना बाळाची गोष्ट ठाऊक होती. पेटी उचलायच्या आधी ते पप्पांना बाजूला घेऊन म्हणाले की आता तिची वाट बघणं संपलं. तिच्या समोरच संताला त्याचं बाळ परत देऊ या, म्हणजे तिच्या आत्म्याला शांती मिळेल आणि तुम्हालाही.

मम्मीला ते पटलं. मला पटलं. सगळ्यांनाच पटलं. मम्मीने इतक्या वर्षांत पहिल्यांदा तांदळाच्या डब्यात हात घातला आणि बाळ काढून आणलं. तांदळात राहून राहून ते पांढरं, गुळगुळीत झालं होतं. नाक घासून गेलं होतं. तिने ते पदराने पुसलं आणि पप्पांच्या हातात दिलं. मला वाटलं, पप्पांना तर हेच हवं होतं. इतकी वर्षं तेच म्हणत होते, गेला म्हणा आणि मोकळे व्हा. ते मूर्तीपर्यंत गेले. बाळ खिळ्याजवळ नेलं. मग तिथेच थांबले.

"नाय फादर," पप्पा म्हणाले. "फिलू अजून आला नाय."

कुणी काही बोलायच्या आत ते माणसांमधून वाट काढत स्वयंपाकघरात गेले, आणि आम्हाला डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला. मग बाहेर येऊन त्यांनी आईच्या पेटीला खांदा दिला.

आता महिन्यातून एखाद्या रविवारी मी पेणहून जाते. पप्पा थकलेत, जास्त बोलत नाहीत. सकाळी मूर्तीसमोर दोन मिनिटं उभे राहतात, पण काय म्हणतात ते ऐकू येत नाही. मम्मी भाजी करते, मी आमटीला फोडणी देते. भाताची वेळ झाली की मी डब्याकडे वळते, तर पप्पा खुर्चीतून उठून येतात. तांदूळ तेच काढतात, मला काढू देत नाहीत.